युसूफची बारी

त्या सकाळी मी चहा घेऊन मामाजींच्या, माझ्या सासऱ्यांच्या, खोलीत गेले तेव्हा ते कुशीवर झोपलेले होते. उजवा हात उशीखाली, पांघरूण छातीपर्यंत नीट ओढलेलं, आणि उन्हाची तिरीप पार पायथ्याशी आलेली. मला बरं वाटलं. इतकी वर्षं या घरात सून म्हणून वावरले, पण सूर्य वर आल्यावर झोपलेले मामाजी मला अलीकडेच पाहायला मिळू लागले होते आणि ते दृश्य दर वेळी नवं वाटायचं. मी कप तसाच परत आणला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गॅसपाशी उभ्या राहूनच विचारलं, "उठले नाई का?" मी म्हटलं, "झोपू द्या." त्या म्हणाल्या, "झोपू दे. लय वर्साची झोप राह्यली हाये त्यायची." मग मिलिंद, माझा नवरा, आंघोळ करून आला. त्याला बाबांना पेन्शनच्या कामासाठी मेहकरला न्यायचं होतं. तो त्यांना उठवायला आत गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही… डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं, पहाटेच कधीतरी गेले असावेत, झोपेत, त्रास काही झालेला दिसत नाही. म्हणजे मी कप घेऊन गेले तेव्हा ते नव्हतेच. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. घर रुळावर येत चाललं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मामाजींचं नाव शेषराव. जानेफळात त्यांना नावानं हाक मारणारी माणसं आता फार उरली नव्हती. गावाला ते 'फौजी' होते. तरुणपणी फौजेत गेले, डोंगरावरच्या एका लढाईत होते, नोकरी पूर्ण करून गावी परतले, वाट्याची थोडी शेती केली. मी लग्न होऊन अकोल्याहून या घरात आले तेव्हा पहिल्याच पहाटे मला पडवीत खुर्ची सरकवल्याचा आवाज आला होता. ती खुर्ची लोखंडी, हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली. मामाजी उजाडायच्या बरेच आधी उठत, तोंडावर पाणी मारत, बूट घालून नाड्या बांधत आणि त्या खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून ताठ बसत. थंडीत अंगावर जुनं फौजी जर्किन असे. हातात वर्तमानपत्र नाही, शेजारी रेडिओ नाही. नुसते बसत. नीट दिसायला लागलं की उठत आणि गोठ्याकडे जात.

गावाला याचं मोठं कौतुक होतं. दूधवाला म्हणे, फौजी खुर्चीत दिसले की मला उशीर झाला नाही हे समजते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यानं पळत जात, ती न चुकता "जय हिंद फौजी!" असं ओरडत आणि मामाजी न बोलता उजवा हात वर करत. शाळेत झेंडावंदनाच्या भाषणात मुख्याध्यापक दर वर्षी सांगत, निवृत्त होऊनही ज्यांची शिस्त मोडली नाही त्या फौजींकडे पाहा. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मीही माझ्या वर्गात शिस्तीवरचा निबंध शिकवताना हेच उदाहरण दिलं होतं. गाव ज्याला शिस्त म्हणत होतं त्याला आम्ही घरात सवय म्हणत होतो. आत्याबाई काय म्हणत होत्या ते त्यांनी कधी स्पष्ट सांगितलं नाही. "माही सवत हाये थे खुर्ची," एवढंच त्या म्हणत आणि रोज दुपारी ओल्या फडक्यानं ती पुसून ठेवत.

आमचं घर बौद्ध. दर रविवारी विहारात वंदना झाली की मामाजी मुलांचा वर्ग घेत. स्वच्छता, अभ्यास, नशापाणी असे त्यांचे विषय ठरलेले, पण त्यांचा आवडता विषय एकच, भूत नसतं. नाल्याकाठी एक जुनी चिंच आहे. तिच्याखालून संध्याकाळी कोणी जात नसे. मामाजी अमावस्येला दिवेलागणीच्या वेळी सगळ्या पोरापोरींना रांगेनं तिथे नेत, चिंचा पाडायला लावत आणि तिथेच बसून खायला लावत. मग विचारत, "दिसलं का काही?" सगळी ओरडत, "नाई!" "मंग काय हाये इथं?" "चिचा!" एकदा गावातल्या एका बाईच्या अंगात येतं म्हणून तिचे लोक तिला गाडीत घालून कुठेतरी उतारा करायला निघाले होते. मामाजी गाडीपुढे जाऊन उभे राहिले आणि ती गाडी मेहकरच्या दवाखान्याकडे वळवूनच बाजूला झाले. ती बाई आज धडधाकट आहे, मामाजींच्या अंत्ययात्रेत सगळ्यात पुढे होती. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते या माणसाच्या बाबतीत झालं.

काही वर्षांपूर्वी एका वाहिनीवर संध्याकाळची एक मालिका सुरू झाली. लढाईहून घरी परतलेला एक जवान, समुद्राजवळ त्याचा बंगला, आणि त्या बंगल्याच्या अंगणात रोज येऊन उभा राहणारा त्याचा मेलेला सोबती. आत्याबाईंनी पहिल्या दिवसापासून ती मालिका धरली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मामाजी बाहेरून आले तर पडद्यावर धूर, विजा आणि पांढऱ्या डोळ्यांचा एक शिपाई.

"वा! मी तिकडं लेकरायले भूत नाई म्हणून सांगून राह्यलो, अन् इकडं माह्याच घरात भूत नाचून राह्यलं."

"घरात नाई नाचून राह्यलं, टीव्हीत नाचून राह्यलं," आत्याबाई म्हणाल्या. "पाह्याचं नसन तं बाहीर बसा. खुर्ची हायेच तुमची."

मामाजी बाहेर गेले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेवर बसले. आठवडाभरात मालिकेच्या वेळेला ते हातपाय धुऊन समोर येऊन बसू लागले, आणि आत्याबाईंच्या डोक्याला ताप झाला, कारण ते गप्प बसत नसत. "हा कायचा फौजी? केस पाह्य त्याचे. कानावर आले." "बंदूक पाह्य कशी धरली. लाटणं धरल्यावानी." "लढाईहून आला अन् सदऱ्याची इस्त्री मोडली नाई लेकाची!" आत्याबाई म्हणत, "तुमी उठा बरं इथून. नाई तं जा, त्यायले शिकवून या." आम्ही हसायचो. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला फौजेच्या आठवणी निघायला निमित्त मिळालं आहे, चांगलं आहे.

रिमोट मात्र ते स्वतःच्या हातात ठेवत. पडद्यावर धडाधड आवाज सुरू झाले की ते आवाज पार बंद करून टाकत. कान दुखतात म्हणत. मालिकेत तर दर थोड्या वेळानं काहीतरी आदळतच असे. त्यामुळे संध्याकाळ निम्मी मुकीच जाई. आत्याबाई वैतागून म्हणत, "आता काय यायचे तोंडं पाहू?" मग मामाजी माझ्याकडे वळत. मी शिकवते म्हणून ते मला लग्नापासून थट्टेनं मॅडमच म्हणत. "मॅडम, तो काय म्हणते?" मी पडद्यावरच्या हालचालींवरून अंदाजानं काहीतरी सांगत असे. बायको रडतेय, विचारतेय तुम्हाला काय झालंय. नवरा म्हणतोय, काही नाही. मामाजी मान हलवत आणि पुन्हा विचारत, "थे जाऊ दे. तो दुसरा काय म्हणते?" दुसरा म्हणजे मेलेला. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्यांनी मला जिवंत फौजीचं बोलणं एकदाही विचारलेलं नाही. त्यांना फक्त अंगणात उभा राहणारा तो काय म्हणतो, एवढंच हवं असे.

मालिका लांबत गेली आणि लांबलेल्या मालिकेचं होतं तेच तिचंही झालं. सुरुवातीला अंगणात नुसता उभा राहणारा तो शिपाई हळूहळू भिंतीवरून चालू लागला, त्याचे डोळे लाल झाले, नखं वाढली. एका संध्याकाळी तर त्यानं मित्राच्या मानेवर झेप घेतली, 'मला तुझं रक्त हवंय' असं म्हणाला, आणि कोणी एक जटाधारी बाबा राख फेकत आला. आवाज बंद करायचा मामाजी विसरले होते. रिमोट मांडीवरून खाली पडला. ते उभे राहिले आणि टीव्हीकडे बोट करून, कोणी आपल्या घरच्या माणसावर खोटा आळ घ्यावा तशा आवाजात म्हणाले,

"असा नसते तो."

मिलिंद मोबाइलमधून मान वर करून पाहू लागला. मामाजींना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते तसेच उभे राहिले, बसले नाहीत, बाहेरही गेले नाहीत. आत्याबाई उठल्या, कधी नव्हे ते त्यांनी मालिका मध्येच बंद केली आणि म्हणाल्या, "चाला, वाढतो मी. भाकरी गार होऊन राह्यली."

त्यानंतर मी काही विचारलं नाही. रविवार आला. दुपारी मामाजी अंगणात खुर्ची उलटी करून बसले होते. हिरव्या पट्ट्या जुन्या होऊन तुटू लागल्या होत्या, नवं बंडल आणलं होतं. मी पायरीवर उत्तरपत्रिका तपासत होते. पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून ओढत ते मान खाली घालूनच बोलू लागले. युसूफचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

युसूफ रोहिणखेडचा. अख्ख्या पलटणीत आपल्या जिल्ह्याचे हे दोघंच. आमच्या बुलढाण्याकडे माणसं आपसांत दोनच जाती मानतात असं गमतीनं म्हणतात, घाटावरचे आणि घाटाखालचे. मेहकर-चिखलीकडचे आम्ही घाटावरचे, मोताळ्याकडचे ते घाटाखालचे. तिकडे दूर डोंगरात, जिथे यांची बोली कोणालाच कळत नव्हती, तिथे हे दोघं त्यावरून भांडत. चौकीवर दोघांची जोडी असे. एकानं झोपायचं, एकानं जागायचं. आपली बारी, म्हणजे जागायची पाळी, संपली की युसूफ बुटाचं टोक यांच्या तळपायाला हळूच लावे, तेही पुष्कळदा वेळ टळून गेल्यावर, आणि म्हणे, "ऊठ बे घाटावरच्या, बारी आली."

"एक रोज मले ताप होता, मॅडम. फणफणलो होतो. त्याची बारी सरली, माही लागली. त्यानं मले उठवलंच नाई. मी उठलो तं उजाडलं होतं. तो दगडाले टेकून बसेल होता, समोर तोंड करून. मले वाटलं बसला हाये… एक गोळी लागेल होती. आवाज बी नाई आला मले." पट्टी त्यांनी दांडीशी नेऊन घट्ट आवळली. "माह्या बारीत गेला तो."

मी लाल पेन खाली ठेवला.

"तवापासून येते. पहाटे. पायथ्याशी उभा राहते. बोलत नाई, मागत नाई काही. रक्त-बिक्त नाई. अन् उठवत बी नाई. तेच तं… उठवतच नाई मले. मंग मीच उठतो, बूट घालतो, बाहीर येऊन बसतो. बारी माही हाये ना."

मी विचारलं, "दिसतो का तुम्हाला?"

"दिसत नाई. समजते. तुह्या मागं कोणी येऊन उभं राह्यलं तं पाह्यल्याबिगर समजते का नाई तुले? तसं."

आणि मग ते पुढचं बोलले. आज विचार करताना वाटतं, इतकी वर्षं त्यांच्या छातीवर खरा दगड होता तो हाच. "भूत नाई हाये, मॅडम. भूत नसतेच. लेकरायले मी खोटं नाई सांगतलं. हा युसूफ हाये. पण हे मी सांगू कोणाले? एक म्हणन, फौजीले लागीर झालं. दुसरा म्हणन, फौजी सटकला. अन् रविवारी त्या लेकरायपुढं मी कोणत्या तोंडानं उभा राहू?"

मी पुस्तकं वाचणारी बाई. अशा वेळी पुस्तकांतलं एकही वाक्य उपयोगी पडत नाही, हे मला त्या पायरीवर कळलं. मी त्यांना खोटं धीराचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "रोहिणखेडला गेलात कधी?" त्यांनी ओढलेली पट्टी तुटली. "नाई," ते म्हणाले. "जाऊन काय सांगू? तुमचं पोरगं माह्या बारीत मेलं, अन् मी झोपलो होतो?"

आधी मी त्यांना बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. आढेवेढे घेतील असं वाटलं होतं, पण ज्यानं दुसऱ्यांच्या गाड्या दवाखान्याकडे वळवल्या त्याला स्वतःसाठी नाही म्हणणं अवघड होतं. डॉक्टर तरुण होते, घाई न करणारे. त्यांनी या दुखण्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे असं सांगितलं, लढाईहून आलेल्या पुष्कळांना ते होतं म्हणाले, झोपेसाठी गोळ्या दिल्या, आणि जितकं बोलता येईल तितकं बोला असं सांगितलं. बाहेर आल्यावर मामाजींनी ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. "बरं हाये," ते म्हणाले. "भूत तं नाई म्हणत ना कोणी." गोळ्यांचा थोडा उपयोग झाला. पण पहाटे खुर्ची सरकायची ती सरकतच राहिली. शेवटी एक दिवस ते स्वतःच म्हणाले, "मॅडम, तुले सुट्टी कवा हाये? घाटाखाली जाऊन येऊ."

मेहकरहून चिखली, चिखलीहून बुलढाणा, तिथे गाडी बदलून खाली. राजूरच्या घाटाला गाडी लागली तसे खिडकीशी बसलेले मामाजी सरळ झाले. "इथून त्याचं राज," म्हणाले. रोहिणखेडला उतरलो. हॉटेलवाल्याला विचारलं तर त्यानं जुन्या दगडी मशिदीमागची गल्ली दाखवली. युसूफचा धाकटा भाऊ रशीदभाई घरी होता. धाकटा म्हणजे तोही म्हाताराच, पांढरी दाढी, डोक्याला टोपी, नुकताच शेतातून आलेला. आम्ही कोण, कशाला आलो हे त्याला नीट कळेना. तो बसा बसा म्हणत राहिला, पण मामाजी बसले नाहीत. अंगणात सावधान उभे राहावं तसे उभे राहून त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, साहेबापुढे खबर द्यावी तसं. कोणती पलटण, कोणती चौकी, ताप, बारी. शेवटी म्हणाले, "माही बारी होती. त्यानं मले उठवलं नाई."

रशीदभाई त्यांच्याकडे पाहत राहिला. दारातल्या बाया पदर सावरून पुढे आल्या. मला वाटलं, आता तो रडेल, नाहीतर आम्हाला जा म्हणेल. त्यानं विचारलं,

"तुमाले बी नाई उठवलं?"

मामाजींना कळलं नाही. मलाही.

"अहो, तो कोणालेच उठवत नव्हता!" रशीदभाई म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "आमच्या वावरात पाण्याची बारी राहे. रातची लाइट. अर्धं त्यानं भिजवाचं, अर्धं म्या. मले एक बी रोज उठवलं नाई भाईनं. सकायी उठून पाहो तं सारं वावर ओलं! अब्बा मले शिव्या देत. आयतोबा म्हणत, फुकटखाऊ म्हणत. मी भाईसंग भांडो, म्हणो, बे, उठवत काऊन नाई? तं म्हणे, 'नींद लागली होती ना? मंग!' बस, एवढंच. आदत होती जी त्याची."

मामाजींनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "तुमाले… ताप-बीप राहे का?"

"कायचा ताप? चांगला धडधाकट झोपो मी!"

तेव्हा मामाजी बसले. बाजेवर बसले, बुटांच्या नाड्या सैल केल्या, आणि पाणी मागितलं. नंतर चहा झाला, जेवण झालं, आणि ते दोघे म्हातारे संध्याकाळपर्यंत एकमेकांची खेच करत राहिले, युसूफनं कोणाला जास्त झोपू दिलं यावर. "तुमचा तं निस्ता गहू होता, माह्या इथं दुश्मन होता," मामाजी म्हणत. "अन् अब्बाचा मार? थो काय दुश्मनापेक्षा कमी होता का?" रशीदभाई म्हणे. निघताना त्यानं मामाजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, आम्हाला फक्त एक तार आली होती आणि मग त्याच्या सामानाची पेटी आली होती. तो कसा गेला हे आज समजलं… आपल्या आदतीनं गेला, असं म्हणाला तो. परत येताना घाट चढायच्या आधीच मामाजींना झोप लागली. मान माझ्या खांद्यावर. बुलढाण्याला गाडी बदलायची होती म्हणून मला त्यांना उठवावं लागलं. ते मला जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. काही दिवसांनी मी धीर करून विचारलं, "येतो का अजून?"

"येते की," ते सहज म्हणाले. "पण मी उठत नाई आता. त्याले उठवाचं नसते, अन् मीच उठून बसो. त्याच्या मनाइरुद्ध होत होतं एवढे वर्स. आता खुर्ची बाहीर हाये. त्याले वाटलं तं बसन."

त्यामुळे रात्री खुर्ची आत घ्यायची नाही, असा घरात नियम झाला. गावाला मात्र हे फार लागलं. दूधवाल्यानं तब्येत विचारली. पळणारी पोरं रिकामी खुर्ची पाहून गप्प पुढे जाऊ लागली. मुख्याध्यापकांनी झेंडावंदनाच्या भाषणातून ते वाक्य काढून टाकलं. शिस्त मोडली फौजींची, वय झालं, असं लोक हळहळून बोलत आणि मामाजी ते ऐकून मिशीत हसत. रविवारचा वर्ग चालूच होता. अमावस्येची चिंचही चालू होती. फक्त "काय हाये इथं?" "चिचा!" हे झाल्यावर ते अलीकडे एक वाक्य जास्तीचं बोलत, असं विहारातली मुलं सांगतात. म्हणत, भूत नसते, पण गेलेला माणूस असते. त्याले भ्याचं नसते. मालिका तोवर संपली होती. बाबानं शेवटी त्या शिपायाला जाळून टाकलं म्हणे. आत्याबाईंनी शेवटचा भाग एकटीनं पाहिला आणि बाहेर येऊन निकाल दिला, "बेकार शेवट केला. त्यायनं आपल्या घरी येऊन इचारलं पाह्यजे होतं." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

मामाजी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला रशीदभाई दोन गाड्या बदलून आला. गर्दी बरीच झाली, मांडवात खुर्च्या कमी पडल्या. वाढपी पोरांपैकी एक जण पडवीतली हिरवी खुर्ची उचलायला गेला, तर आत्याबाई आतून म्हणाल्या, "थे राहू दे तिथंच." रशीदभाईनं माझ्याकडे पाहून विचारलं, "हेच का?" मी मान हलवली. त्यानं खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. बसला नाही. खाली सतरंजीवर बसून जेवला.

परवा पहाटे मला जाग आली. पडवीचं दार उघडं होतं. खुर्चीत आत्याबाई होत्या, मामाजींचं जर्किन अंगावर घेऊन, रस्त्याकडे तोंड करून. मी जवळ गेले. मान एका बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं, गाढ झोप लागली होती. गारठा होता. हाक मारून त्यांना आत न्यावं म्हणून मी वाकलेही होते… मग तशीच मागे सरले आणि पायरीवर बसले. थोड्या वेळानं भरतीची पोरं पळत आली. उजाडलं नव्हतं, खुर्चीत जर्किन घातलेलं कोणीतरी आहे, एवढंच त्यांना दिसलं असावं. कितीतरी दिवसांनी त्यांच्यातला एक जण सवयीनं ओरडला, "जय हिंद फौजी!"

आत्याबाईंची झोप मोडली नाही. मी उजवा हात वर केला.